पुलावरची हाक

१

नेल्सीच्या गाडीला एक खोड होती. पुढच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की ती टिंग टिंग सुरू करायची आणि पट्टा लावेपर्यंत थांबायची नाही. नेल्सीच्या भावालाही एक खोड होती. तो पट्टा लावायचा नाही. त्यामुळे पोमुच गावाहून निघून कांपेचे शहराच्या जुन्या तटबंदीखालून, मग समुद्राच्या कडेकडेनं थेट कार्मेन बेटापर्यंत असा तिघांचा प्रवास झाला होता: बहीण, भाऊ आणि टिंग टिंग.

"अरे लाव ना तो पट्टा. डोकं उठलंय माझं."

"पोट आवळतं गं ताई. पावाच्या भट्टीवाल्याचं पोट आहे, त्याला वारा लागतो."

"वारा नाही, खुराक लागतो. आरशात बघ एकदा."

आता परतीच्या वाटेवर भाऊ गाडी चालवत होता आणि चौथा माणूसही होता. मागच्या सीटवर, पट्ट्यानं नीट बांधलेल्या लाकडी पेटीत त्यांचे बाबा होते. म्हणजे बाबांची हाडं. पोमुचमध्ये मेलेल्या माणसाला एकदा पुरलं आणि विसरलं असं चालत नाही. काही वर्षांनी हाडं वर काढायची, पेटीत घालून दफनभूमीतल्या कोनाड्यात ठेवायची आणि दर ऑक्टोबरच्या अखेरीस, मेलेल्यांच्या सणाच्या तोंडावर, जाऊन ब्रशनं झाडायची, पुसायची. खाली नवं, भरतकाम केलेलं वस्त्र घालायचं आणि घरातल्या चार गोष्टी त्यांच्या कानावर घालायच्या. ज्याला हे मिळत नाही तो रुसतो आणि वाट चुकून हिंडत राहतो, असं म्हणतात.

बाबांना ते कधी मिळालं नव्हतं. कोळंबीच्या बोटींवर काम करायला ते कार्मेनला गेले, सणाला येतो म्हणाले, आणि तिथंच वारले. बोटीवरच्या सोबत्यांनी तिथंच पुरलं. मग कुणाला सवड नाही, कुणाकडे गाडी नाही, असं करत वर्षं गेली. आईनं दर सणाला रिकाम्या कोनाड्यासमोर मेणबत्ती लावली. आता तिचे डोळे जवळजवळ गेले होते. "या वर्षी मी त्याला माझ्या हातानं झाडीन," ती म्हणाली होती. "पुढच्या वर्षाचं कुणी सांगितलंय?"

नेल्सी मेरिदा शहरात शिवणकाम करायची. तिनं एकदा मनावर घेतलं की कापड फाटलं तरी टाका सोडायची नाही. सणाला चार दिवस असताना ती गाडी घेऊन आली, भावाला भट्टीवरून उचललं आणि निघाली.

निघताना आईनं बजावून सांगितलं होतं. "पूल लागला, शहराची वेस लागली, की त्याला हाक मारायची. पाणी ओलांडताना त्यांना वाट कळत नाही, मागे राहतात. आणि पूर्ण नावानं हाक मार. नुसतं 'बाबा, बाबा' करू नकोस. त्या पुलावर किती जणांचे बाबा उभे असतील, देव जाणे."

कार्मेन सोडलं की लगेच खाडीवरचा तो लांबलचक पूल लागतो. दोन्हीकडे पाणी, कठड्यावर झोपाळलेले पेलिकन. नेल्सीनं काच खाली केली आणि वाऱ्यावर मोठ्यानं हाक मारली.

"हेनेर कानुल! पूल आलाय. चला आमच्याबरोबर!"

"आलो, आलो! ओरडतेस काय एवढी?" भाऊ म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

त्याचंही नाव हेनेर कानुलच होतं. थोरल्या मुलाला बापाचं नाव ठेवायचं, तसं ठेवलेलं. पण जन्मला तोच सावळा, म्हणून घरात तो बोशितो झाला, म्हणजे आपला काळू. हेनेर अशी हाक त्याला शाळा सुटल्यापासून कुणी मारली नव्हती.

नेल्सीनं त्याच्या खांद्यावर चापट मारली. "मेलेल्यांची चेष्टा करतोस, गाढवा?"

पूल संपला. पलीकडच्या नारळाच्या झाडांखाली आल्यावर तिच्या ध्यानात आलं की गाडीत फार शांत वाटतंय. टिंग टिंग थांबली होती. भावाचा पट्टा मात्र दाराशी तसाच लोंबत होता.

बिघडली एकदाची, तिला वाटलं. बरं झालं.

२

तिथून पुढे रस्ता समुद्राला सोडतच नाही. डाव्या हाताला हिरवं पाणी, उजवीकडे खारफुटी, मधे मधे एखादं नारळपाण्याचं खोपट. येताना बोशितोनं प्रत्येक खोपटापाशी गाडी थांबवली होती आणि सगळ्या वाटेवर तोंडाचा पट्टा चालू ठेवला होता. शेजारणीचं लग्न, पिठाचा भाव, कुणाच्या सुनेनं कुणाला काय ऐकवलं.

आता तो गप्प होता.

"काय रे, भूक लागली का?"

उत्तर यायला वेळ लागला. लांबच्या खोलीतून कुणी चालत यावं तसा. "नाही. बघत होतो."

"काय बघत होतास?"

"झाडं वाढली."

आपण येताना तीच झाडं होती, असं नेल्सी म्हणणार होती. पण तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचं कोपर खिडकीबाहेर होतं आणि बोटं टपावर ताल धरत होती. एकदा, मग थांबून दोनदा. तिच्या लहानपणी बाबा शेजाऱ्याचा ट्रक मागून आणायचे आणि तिला मांडीवर घेऊन चालवायचे, तेव्हा टपावर हाच ताल वाजायचा.

पोरगा बापावर जाणार नाही तर कुणावर जाणार, तिनं स्वतःला सांगितलं. पण बाबा गेले तेव्हा बोशितो रांगतही नव्हता. त्यानं तो ताल ऐकला कुठं?

तिनं रेडिओ लावला. खरखर आली, तशी तिनं तो बंद केला.

३

चांपोतोनला नदी समुद्राला मिळते, तिथं किनाऱ्यावर कोळंबीच्या टपऱ्या आहेत. गाडी आपणहून तिथं वळली. म्हणजे भावानंच वळवली, पण नेल्सीला न विचारता. येताना याच जागी त्यानं नाक धरलं होतं. "मला नको तो वास. मी पाव खाणारा माणूस."

टपरीवालीनं टोमॅटो आणि लिंबाच्या रसातल्या कोळंबीचा ग्लास नेल्सीपुढे ठेवला. त्यानं मात्र अख्खी, न सोललेली कोळंबी मागितली. ताट आलं. त्यानं अंगठ्याचं नख डोक्याखाली घातलं आणि एका झटक्यात डोकं उडवलं. मग दुसरी, मग तिसरी. हाताकडे बघत नव्हता. नजर समुद्रावर, आणि ताटात डोक्यांचा ढीग साचत होता. एकही कोळंबी त्यानं तोंडात टाकली नाही.

"बाई गं, कुठल्या बोटीवर होता हा?" टपरीवालीनं कौतुकानं विचारलं.

"बोटीवर कसला? बेकरी आहे त्याची," नेल्सी म्हणाली.

"चेष्टा करता! हे हात खलाशाचे आहेत."

नेल्सी हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की भावाच्या नखांत रोज असायचं ते पीठ आज नव्हतं. हात धुतले असतील. प्रवासाला निघालेला माणूस हात धुणारच की. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तरानंतर तिला जास्तच भीती वाटत होती.

पाण्याची बाटली आणते म्हणून ती गाडीकडे गेली. मागचं दार उघडलं आणि तिथंच थबकली. गाडीत पावाचा वास भरला होता. नुकत्याच भट्टीतून काढलेल्या, बडीशेप घातलेल्या पोमुचच्या पावाचा. तिनं पेटीवर हात ठेवला. पेटी गरम होती.

उन्हात उभी होती ना गाडी, ती मनाशी म्हणाली. मग वर पाहिलं. गाडी बदामाच्या झाडाखाली होती आणि सीट गारगार होती.

गावाच्या टोकाला नदीवरचा पूल आला. हाक मारावी की नाही, हा प्रश्न तिला पहिल्यांदा पडला. पण आई वाट पाहत होती, तिनं शब्द दिला होता, आणि शब्द मोडायची तिला सवय नव्हती. तिनं काच खाली केली.

"हेनेर कानुल, पूल आलाय. चला आमच्याबरोबर."

या वेळी विनोद झाला नाही. भावानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाला, "आलो."

मागच्या सीटवर पेटीच्या आतून काहीतरी लाकडावर आपटलं. रस्त्यात खड्डा असावा. नेल्सीनं मागे वळून पाहिलं, तर पुलाचा रस्ता सपाट होता.

४

कांपेचेला पोचले तेव्हा दुपारचं ऊन पिवळं झालं होतं. शहराच्या जमिनीकडच्या बाजूच्या वेशीजवळ, जुन्या तटाच्या सावलीत त्यानं गाडी थांबवली. पर्यटक तटावर चढून फोटो काढत होते. एक बाई बर्फाचे गोळे विकत होती.

"हाक मार," तो म्हणाला.

"मारते. जरा दम खाऊ दे."

"मार ना. ही शेवटचीच वेस आहे. इथून पुढे सरळ घर." मग समोर बघत, अगदी सहज त्यानं विचारलं, "एल्दा अजून केसांना तसाच लाल धागा बांधते का?"

एल्दा हे आईचं नाव. बोशितोच्या तोंडून ते आयुष्यात कधी निघालं नव्हतं. आणि लाल धागा आईनं बाबांची बातमी आली त्या दिवशी सोडला होता.

ती मागे वळली. पेटीच्या फटीतून आईनं भरलेल्या वस्त्राचं टोक बाहेर आलं होतं. आईनं ते चाचपत, दिसत नसताना भरलं होतं. लाल फुलं, आणि त्यांच्या मधोमध वाकड्या टाक्यांनी नाव. हेनेर कानुल.

मग तिला कळलं. समजावून कुणी सांगितलं नाही, सांगायला कुणी नव्हतंही. पुलावर तिनं एका नावाला हाक मारली होती आणि ते नाव दोघांचं होतं. जो जिवंत होता तो 'आलो' म्हणाला होता.

तिनं ओठ ओले केले आणि शेजारी बसलेल्याकडे बघत अगदी हळू हाक मारली. "बोशितो."

त्यानं मान वळवली नाही. त्या नावाशी त्याचं काही देणंघेणंच नव्हतं.

मागून, लाकडाच्या आतून, तोंडावर उशी धरल्यासारखा आवाज आला. आवाज हसरा होता, हेच सगळ्यात वाईट होतं.

"आलो, आलो! ओरडतेस काय एवढी?"

नेल्सी ओरडली नाही. ओरडून काही सुटणार नव्हतं. तिनं हात पुढे करून गाडीची किल्ली काढून घेतली.

"सरका. मी चालवते."

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे भावाचेच होते, पण तिच्याकडे बघताना खाली बघत होते, जणू ती अजून त्याच्या कमरेएवढीच होती. "घर आता जवळ आहे गं, पोरी," तो म्हणाला. "किती दिवस झाले."

तिला रडू कोसळलं. पोरी म्हणून तिला हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं. तिला वाटलं, नेऊया. आईच्या दारात उभं करूया, एकदाच. मग मागे पुन्हा टकटक झाली. हलकी, विचारल्यासारखी, दार कुणी बाहेरून लावलं हे अजून न कळलेल्या माणसाची.

"सरका, बाबा," ती म्हणाली. "मागे जायचंय."

५

तो सरकला, तिच्या शेजारच्या सीटवर बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. ज्या वाटेनं आले तीच वाट, पण आता समुद्र उजव्या हाताला होता. त्यानं भांडण केलं असतं तर नेल्सीला सोपं गेलं असतं. कान शिलाई-मशिनच्या आवाजातला बारीक फरक टिपायला सरावलेले, म्हणून ती त्या शांततेतही कान देऊन ऐकत होती. शेजारी श्वासाचा आवाज नव्हता. मागे, पेटीत, होता. मधेच थांबायचा, तशी ती गाडी अजून दामटायची.

"दम धर रे," ती मागे न बघता म्हणत होती. "झोपू नकोस. ऐकतोयस का? तुझ्या भट्टीत पाव करपतोय बघ, मूर्खा."

चांपोतोनची नदी तिनं तोंड मिटून ओलांडली. लांब पूलही तसाच ओलांडला, पार कार्मेनच्या टोकापर्यंत. जिथं टाका चुकला तिथपर्यंत उसवल्याशिवाय नीट शिवता येत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. होड्यांच्या शेडपाशी तिनं गाडी वळवली, पुलाच्या तोंडाशी आणून थांबवली आणि शेजारी पाहिलं.

"बाबा, मला माफ करा," ती म्हणाली. "तो लहान आहे. तुम्ही त्याला नीट पाहिलंही नाहीत. तो फार बडबडा आहे."

त्यानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते तिला आजही सांगता येत नाही.

नेल्सीनं पेटीकडे तोंड केलं आणि छातीत होता तेवढा दम लावून हाक मारली. "बोशितो! काळ्या! पूल आलाय! ये माझ्याबरोबर!"

तिनं गाडी पुलावर घातली. पाणी, कठडा, पेलिकन. काहीच झालं नाही. ती पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली, घसा फाटेपर्यंत.

टिंग. टिंग. टिंग.

"अगं, बहिरा नाहीये मी!" शेजारी तो जांभई देत म्हणाला. "आणि तू कधी बसलीस चालवायला? मी चालवत होतो ना? च्यायला, हाताला कोळंबीचा वास कसला येतोय?"

नेल्सीनं एका हातानं चाक धरलं आणि दुसऱ्या हातानं त्याचं थोबाड, केस, कान चाचपले. तो गरम होता, घामेजलेला होता आणि चिडला होता. "पट्टा लाव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता लाव, नाहीतर पाण्यात फेकते तुला."

तिचा चेहरा बघून त्यानं मुकाट्यानं लावला.

थोडं पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, "बाबांना हाक मारायची ना? आई म्हणाली होती."

तिच्या ओठांवर नाव आलं होतं. पण ते नाव शेजारी पट्टा लावून बसलं होतं. आणि नुसतं 'बाबा' म्हणावं, तर कोण येऊन बसेल?

"मारली," ती म्हणाली.

आरशात, मागे पडत जाणाऱ्या कठड्याशी कुणीतरी उभं होतं. हात अर्धा वर होता, लांबून येणारी बस आपलीच आहे का याची खात्री नसलेल्या माणसासारखा. नेल्सीनं वेग कमी केला नाही. आरसा तिनं वर फिरवला आणि पूल संपेपर्यंत त्यात नुसता टप दिसत राहिला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं अंगणात खुर्ची टाकून पेटी मांडीवर घेतली. केस धुतले होते आणि लाल धागा बांधला होता. ब्रशनं एकेक हाड ती झाडत होती आणि सांगत होती. छपराचं काम, पोरीचं मेरिदातलं घर, पोराच्या भट्टीला आलेलं नाव. मग तिचा हात मंदावला. तिनं कवटी कानाजवळ नेली. मग ती अलगद परत ठेवली आणि वस्त्राची घडी घातली.

"ही नुसती हाडं आहेत," ती म्हणाली. "नेल्सी, त्याला कुठं ठेवून आलीस?"

नेल्सीनं सगळं सांगितलं. सांगताना ती आईच्या तोंडाकडे बघू शकली नाही.

भट्टीवरून बोशितोचा आवाज येत होता, कुणाला तरी शिव्या घालत होता. तो आवाज आईनं पुरता ऐकून घेतला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "मीही हेच केलं असतं. नाव ठेवताना हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, तर मी कौतुकात." ती उठली, शाल घेतली. "चल, गाडी काढ. पोराला सांगू नकोस."

"आई, तुझ्यानं एवढा प्रवास होणार नाही."

"त्याला एक नाव आहे. झोपाळ्यातलं, आम्हा दोघांतलं. दुसऱ्या कुणाचं नाही, म्हणून दुसरं कुणी येणार नाही." चाचपत चाचपत ती गाडीपाशी पोचली. "मी हाक मारीन. तो आला तर चौघं मिळून सण करू. आणि तोच तिकडून मला हाक मारत असेल, आणि मी हो म्हटलं, तर तू मधे बोलायचं नाहीस. काल भावासाठी ओरडलीस, ते ठीक होतं. माझ्यासाठी ओरडायचं नाही. कळलं?"

नेल्सीनं मान हलवली, मग आईला दिसत नाही हे आठवून म्हणाली, "कळलं."

आई पुढच्या सीटवर बसली आणि हात मांडीवर घेऊन समोर बघत राहिली. नेल्सीनं गाडी सुरू केली. आईनं पट्टा लावला नव्हता. नेल्सी टिंग टिंगची वाट बघत राहिली. म्हाताऱ्या माणसाचं वजन ते केवढं, गाडीला कळत नसेल, तिनं स्वतःला समजावलं. तरी ती वाट बघत राहिली. मग आईवरून वाकून तिनं पट्टा ओढला, घट्ट लावला, आणि गाडी समुद्राच्या रस्त्याला घातली.